जेवले नाय, मगे सुई कित्याक?

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. बाबांचं बोट टोचून रक्ताचा थेंब साखर मोजायच्या मशीनच्या पट्टीला लावला, पडद्यावरचे पाच सेकंद उलटे सरले आणि आकड्याच्या जागी इंग्रजीतली दोन अक्षरं उमटली. एच आणि आय. मला वाटलं, पावसाळी हवेत पट्टी सर्दावली असेल. डबीतून दुसरी काढली, दुसरं बोट टोचलं. पुन्हा तेच. मग मशीनचा सेल काढला, पदराला पुसला, परत बसवला. आई माजघराच्या दारात उभी राहून विचारत होती, "किती इली गो?" आणि माझ्याकडे तिला सांगायला आकडा नव्हता.

मशीनच्या डब्यात तळाशी एक माहितीपत्रक घडी घालून ठेवलेलं असतं. सहा वर्षांत ते कुणी उघडलं नव्हतं. मोबाईलच्या उजेडात बारीक अक्षरं वाचत गेले तेव्हा कळलं, मशीन बिघडलेलं नव्हतं. रक्तातली साखर ६००च्या वर गेली की ते आकडा दाखवत नाही, फक्त 'हाय' म्हणतं. त्याच्या मोजण्याची हद्द जिथे संपते, त्याच्याही पलीकडे माझे वडील होते.

२०२२ सालची चतुर्थी. कोरोनाची दोन वर्षं धास्तीत आणि मोजक्या माणसांत गेल्यावर त्या वर्षी घर पहिल्यांदा भरलं होतं. मुंबईहून काका, चुलतभाऊ, त्यांची मुलं, पुण्याची आत्या. देवगड तालुक्यातल्या आमच्या मातीच्या घरात बावीस माणसं. रेल्वेच्या गर्दीतून आलेली दोन पोरं येतानाच खोकत होती. त्या पावसात राज्यभर स्वाइन फ्लूचे रुग्ण वाढले होते, पण चतुर्थीला आलेल्या माणसाला 'तू खोकतोस, लांब बस' असं कोण म्हणणार? आरतीला सगळे एकमेकांना खेटून उभे राहिले. ऋषिपंचमीच्या संध्याकाळी बाबांच्या अंगात कसकस भरली. रात्रीपर्यंत ताप १०२.

बाबा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. मधुमेह वीस वर्षांचा जुना, गेली सहा वर्षं दिवसातून दोनदा इन्सुलिन. सकाळी २२ युनिट, रात्री १४. सुई देण्याचं काम आईचं. ती इन्सुलिनचं पेन हातात घेऊन टिकटिक करत डोसचा आकडा फिरवते आणि दोनदा वाचून बघते, तांदूळ मोजावेत तशी. त्या रात्री सुई दिली, पण बाबांनी चार घास खाऊन ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तर पेजेचं भांडंही तसंच परत आलं. आई पेन हातात घेऊन माझ्याकडे आली.

"अगो, ह्येनी कायेक खाल्ल्यानी नाय. जेवले नाय, मगे सुई कित्याक? शुगर खाली इली तर?"

मी म्हटलं, "बरोबर आहे. आज नको देऊ."

हे वाक्य माझं आहे. आईचं नाही. ती विचारायला आली होती. मी शिकलेली, शाळेत शिकवणारी, मी उत्तर दिलं. आणि ते उत्तर मला इतकं साधं, इतकं हिशेबी वाटलं की डॉक्टरांना फोन करावा असं मनातसुद्धा आलं नाही. साखर येते जेवणातून. जेवणच नाही, तर साखर कुठून येणार? एकदा बाबांची साखर उतरली होती तेव्हा घामानं भिजलेला सदरा आणि थरथरणारे हात आम्ही पाहिले होते. ती भीती घरात मुरलेली होती. साखर खाली जाण्याची भीती आम्हाला ठाऊक होती. वर जाण्याची नव्हती.

बाजारातल्या एका दवाखान्यात नेलं. सणाची गर्दी, ओसरीवर माणसं. डॉक्टरांनी घसा बघितला, छाती तपासली, एक इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या. बाबांना मधुमेह आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला वाटलं, हा तर तापाचा प्रश्न आहे. संध्याकाळी बाबांना खरंच तरतरी आली, उठून गणपतीसमोर बसले, आरतीत झांजही वाजवली. पुढे मोठ्या हॉस्पिटलात तो कागद दाखवला तेव्हा त्यावर स्टेरॉइडचं नाव निघालं. तापानं चढणाऱ्या साखरेवर ते आणखी एक ओझं. त्या डॉक्टरांवर मी बराच काळ चिडले होते. आता चिडत नाही, पण कुठल्याही दवाखान्याच्या दारात पाय ठेवताना पहिलं वाक्य 'यांना शुगर आहे, इन्सुलिनवर आहेत' हेच येतं.

मग शनिवार उजाडला, गौरी आणायचा दिवस. बाबा सारखं पाणी मागत होते. "तान भागणा नाय," म्हणत होते. कुणी शहाळं फोडून दिलं, कुणी लिंबाचं सरबत, कुणी ताकद यावी म्हणून ग्लुकोजची पावडर पाण्यात ढवळून. सगळ्यांनी प्रेमानं दिलं. आदल्या रात्री चार-पाच वेळा लघवीला उठत होते, म्हणून उशाशी एक प्लास्टिकचं भांडं ठेवलं होतं. आत्या म्हणाली, लघवी साफ होतेय म्हणजे अंगात पाणी पुरतंय, चांगलं लक्षण. मलाही ते पटलं. शनिवारी पहाटे भांडं उचलायला गेले तर त्याच्या कडेला बारीक काळ्या मुंग्यांची रांग लागलेली. मी ओल्या फडक्यानं पुसून काढली. पावसात मुंग्या घरात येतातच.

या मुंग्यांची आठवण मला अजून सुखानं झोपू देत नाही. आपल्या जुन्या वैद्यांनी या रोगाला मधुमेह हे नाव दिलं ते लघवी मधासारखी गोड असते म्हणून, आणि तिला मुंग्या लागतात ही खूण त्यांना माहीत होती. मशीन नव्हतं, पट्टी नव्हती, तेव्हा माणसं मुंग्यांवरून ओळखत होती. माझ्यासमोर तीच खूण रांगेनं चालत होती आणि मी फडकं फिरवलं.

दुपारी बाबांना झोप लागली. दोन दिवस तळमळणारा माणूस शांत झोपला म्हणून आम्ही पोरांना ओरडून गप्प केलं. बायका गौर घेऊन आल्या, पावलं उमटवली, हळदीकुंकू झालं. संध्याकाळी हाक मारली तर बाबांनी डोळे अर्धे उघडले, म्हणाले, "माका झोपाक दी गो बाय." रात्री अकराला उठवायला गेले तर मला त्यांनी त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. तेव्हा पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला. तरी तापात माणूस बरळतो, असं म्हणून आणखी दोन तास घालवले.

चुलतभावाच्या गाडीतून निघालो. पावसानं समोरचा रस्ता दिसत नव्हता. मागच्या सीटवर बाबांचं डोकं माझ्या मांडीवर. त्यांचा श्वास मी आयुष्यात विसरणार नाही. खोल, लांब, एकसारखा. धाप लागलेल्या माणसाचा श्वास उथळ असतो, तुटक असतो. हा तसा नव्हता. लोहाराचा भाता चालावा तसा, आत ओढायचा, बाहेर सोडायचा, थांबायचंच नाही. आणि काचा बंद असलेल्या त्या गाडीत एक वास भरला होता. गोडसर, आंबूस, नाकात चढणारा. मला तो ओळखीचा वाटत होता आणि आठवत नव्हता. नांदगाव तिठ्यापाशी आठवलं. काजूच्या बोंडांचा. एप्रिल-मे महिन्यात बागेत पडून कुजत आलेल्या बोंडूंचा वास येतो ना, तसा. भाद्रपदात बोंडू कुठले?

जिल्ह्याच्या ठिकाणी रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरीण होती. बाबांना स्ट्रेचरवर घेतल्याबरोबर ती वाकली, त्यांच्या तोंडाजवळ क्षणभर थांबली आणि सरळ होत माझ्याकडे वळली.

"शेवटचं इन्सुलिन कधी दिलं?"

मी बोटांवर मोजलं. गुरुवारी रात्री. म्हणजे दोन दिवस. ती रागावली नाही. "जेवले नाहीत म्हणून बंद केलं ना?" एवढंच म्हणाली, आणि नर्सला दोन्ही हातांना सलाईन लावायला सांगितलं. मी मान हलवली. तिनं ते ज्या सुरात विचारलं त्यावरून कळलं, हे तिनं यापूर्वी पुष्कळदा ऐकलेलं आहे.

प्रयोगशाळेचा आकडा आला, ६८४. लघवीत कीटोन. रक्त आम्लाकडे झुकलेलं.

नंतरच्या तीन दिवसांत त्या डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितलं आणि पुढे वर्षभर मी जे वाचत गेले, ते माझ्या भाषेत सांगते. साखर फक्त ताटातून येत नाही. आपलं यकृत साखरेचं कोठार आहे. उपाशी माणसाच्या मेंदूला रात्रभर साखर पुरवतं ते यकृतच. अंगात विषाणू शिरला, ताप आला की शरीराला वाटतं, युद्ध सुरू झालं, इंधन लागेल. मग कॉर्टिसोल, अॅड्रेनलिन, ग्लुकॅगॉन ही संप्रेरकं वाढतात, आणि ती सगळी यकृताला एकच हुकूम देतात : कोठार उघड. त्याच वेळी ती इन्सुलिनचा जोर कमी करतात. धडधाकट माणसाचं स्वादुपिंड अशा वेळी जास्त इन्सुलिन सोडून तोल सांभाळतं. मधुमेह्याचं सांभाळू शकत नाही. म्हणजे एक घाससुद्धा न खाता, नुसत्या तापानं, साखर चढत जाते. आणि ज्या दिवशी इन्सुलिनची गरज एरवीपेक्षा जास्त, नेमक्या त्याच दिवशी आपण ते शून्यावर आणतो.

पुढचं गणित तर अधिकच भयंकर आहे. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही, ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणजे आत्याला जे चांगलं लक्षण वाटलं ते अंगातलं पाणी उपसलं जात असल्याचं लक्षण होतं. प्रौढ माणसाच्या शरीरातून अशा वेळी सहा लिटर, कधी नऊ लिटरपर्यंत पाणी गेलेलं असतं. विहिरीवरून भरून आणलेली एक अख्खी कळशी. त्यात ताप, घाम, उलट्या झाल्या तर त्या वेगळ्या. बाबा दोन दिवस पाणी पीत होते आणि दोन दिवस आतून सुकत होते.

याचे दोन प्रकार आहेत, असं बाई म्हणाल्या. एकात इन्सुलिन जवळजवळ नसतंच. साखर रक्तात तुंबलेली, पण पेशींना ती घेता येत नाही, म्हणून शरीर चरबी जाळायला लागतं. त्या जळण्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात. याला डायबेटिक कीटोअॅसिडोसिस, थोडक्यात डीकेए म्हणतात. रक्तातलं आम्ल बाहेर टाकण्यासाठी फुप्फुसं भात्यासारखी चालू लागतात. अॅडॉल्फ कुसमॉल या जर्मन वैद्यानं १८७४ साली या श्वासाचं वर्णन केलं, म्हणून तो आजही त्याच्या नावानं ओळखला जातो. आणि तो बोंडूंचा वास अॅसिटोनचा, नखांचा रंग काढायच्या द्रवात असतं त्याचा. दुसरा प्रकार बहुधा वयस्कर, टाइप टू मधुमेहाच्या माणसांत दिसतो. थोडं इन्सुलिन शिल्लक असल्यानं कीटोन फारसे बनत नाहीत, म्हणून पोटदुखी नाही, श्वास तसा नाही, लवकर काही कळत नाही. साखर मात्र दिवसेंदिवस चढत ६००, ८००, हजाराच्याही पुढे जाते, आणि माणूस हळूहळू गुंगीत जातो. घरच्यांना वाटतं, झोपलाय. याला हायपरऑस्मोलर हायपरग्लायसेमिक स्टेट असं लांबलचक नाव आहे, आणि मृत्यूचा धोका यात डीकेएपेक्षाही जास्त. बाबांमध्ये दोन्हींची सरमिसळ होती.

मला वाटलं होतं, आता इन्सुलिनची मोठी सुई देतील आणि साखर उतरेल. तसं नसतं. आधी पाणी. तासातासाला सलाईन. इन्सुलिन थेंबाथेंबानं, पंपातून. आणि सारखं रक्त काढून पोटॅशियम बघायचं, कारण इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत ढकलतं, रक्तातलं पोटॅशियम घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. पहाटे पाच वाजता ते इतकं खाली आलं की काही वेळ इन्सुलिन थांबवून पोटॅशियम चढवावं लागलं. बाहेर बाकड्यावर बसून मी हे ऐकत होते. घरी जी सुई मी एका वाक्यात रद्द केली होती, तिचा एकेक थेंब इथे किती जपून दिला जात होता.

त्या बाकड्यावर बसून मी आणखी एक हिशेब केला. माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साधारण पाच ग्रॅम साखर असते. चहाचा एक चमचा. ६८४ म्हणजे तसे सुमारे सात चमचे. सात चमचे साखरेनं माझे वडील मला ओळखेनासे झाले होते.

सोमवारी गौरी-गणपती पाण्यात गेले. त्याच दिवशी बाबांनी डोळे उघडून पहिलं विचारलं ते गाऱ्हाणं कुणी घातलं. घशाच्या नमुन्यात इन्फ्लुएंझा निघाला होता.

मग माणसं भेटायला येऊ लागली. आणि इथे मला जे सोसावं लागलं नाही, ते बाबांना सोसावं लागलं. प्रत्येक जण खाटेपाशी येऊन आधी ६८४ हा आकडा ऐकायचा आणि मग हसऱ्या किंवा करड्या चेहऱ्यानं तेच म्हणायचा, "मोदक खाल्ल्यानी आसतले!" कुणी म्हणालं, चतुर्थीला तोंड आवरत नाही. कुणी आईला सांगितलं, जरा लक्ष ठेवायला हवं होतं. नाकात नळी असलेला तो माणूस, आयुष्यभर लोकांच्या भांडणात मध्यस्थी करणारा, पोरासारखा माझ्याकडे बघत म्हणाला, "एकच खाल्लंय गो बाय. गणपतीची आण. एकच."

मी तेव्हा रडले. तोवर रडले नव्हते.

आपल्याकडे या आजाराला शुगर म्हणतात आणि शुगर म्हणजे गोड, गोड म्हणजे जिभेचा मोह, मोह म्हणजे दोष. या साखळीतून रोगी सुटत नाही. त्याला ताप आला होता, त्याची सुई घरच्यांनी थांबवली होती, त्याला स्टेरॉइड टोचलं गेलं होतं, आणि सगळ्यांनी मिळून दोष ठेवला एका मोदकावर. त्या दिवशी मी प्रत्येकाला थांबवून सांगायला लागले की तापानं साखर वाढते, उपाशीपोटी वाढते. काहींना पटलं. काहींनी मान हलवली आणि बाहेर जाऊन पुन्हा मोदकच म्हणाले.

घरी परतल्यावर एका रात्री मला एकदम माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. काही वर्षांपूर्वीचा, पाचवीतला. घरात सगळ्यांना सर्दीतापाची साथ येऊन गेली होती, तोही आठवडाभर गैरहजर राहून आला होता. आल्यापासून तासाला दोनदा उभा राहायचा, "बाई, बाहेर जाऊ?" पाण्याची बाटली दुपारपर्यंत रिकामी. चड्डी कमरेत सैल झालेली, एका हातानं धरून पळायचा. मी त्याला सगळ्यांसमोर रागावले. अभ्यास चुकवायला सारखा बाहेर जातोस म्हणाले. त्यानं खाली मान घातली आणि त्या दिवशी पुन्हा विचारलं नाही. चार दिवसांनी पोटात दुखतं, उलट्या होतात म्हणून त्याला नेलं, आधी अपेंडिक्स वाटलं, मग साखर तपासली. टाइप वन मधुमेह, डीकेए. तो वाचला, आज कॉलेजात आहे. पण तो दिवसभर ती लघवी दाबून बसला असेल, हे मला बाबांच्या त्या भांड्याशेजारच्या मुंग्या आठवल्या तेव्हा उमगलं. गेल्या वर्षी तो रस्त्यात भेटला, मी त्याची माफी मागितली. त्याला तो प्रसंग आठवतही नव्हता.

मुलांच्या या टाइप वन मधुमेहाशी काही विषाणूंचं नातं असल्याचं संशोधक पुष्कळ वर्षं सांगत आले आहेत. कॉक्सॅकी गटातल्या विषाणूंचं नाव त्यात नेहमी येतं. सर्दीपडशासारखा आजार येऊन जातो, आणि स्वादुपिंडावर शरीराचाच सुरू असलेला हल्ला अशा वेळी उघडा पडतो. म्हणून आता माझ्या वर्गात तापातून उठलेलं मूल पाणी-पाणी करायला लागलं, वाळायला लागलं, अंथरूण ओलं करायला लागलं, तर मी आईवडिलांना बोलावते आणि एक बोट टोचून घ्या म्हणते. शाळेत बाहेर जायला परवानगी मागावी लागत नाही, हे तर झालंच.

कोरोनात हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत झालं होतं. जून २०२०मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या औषधचाचणीनं दाखवलं की डेक्सामेथासोन हे स्वस्तातलं स्टेरॉइड प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांना वाचवतं. ते खरंच होतं. पण विषाणू एका बाजूनं साखर चढवत होता आणि औषध दुसऱ्या बाजूनं. २०२१च्या लाटेत काळी बुरशी आली ती अशाच चढलेल्या साखरेवर पोसत. आमच्या वाडीतल्या एका काकूंना त्याच मे महिन्यात ताप आला, आणि त्याच आठवड्यात, १६ मेला, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. माडपोफळी आडव्या, खांब आडवे, कित्येक दिवस वीज नाही. फ्रिज बंद. काकूंनी इन्सुलिनच्या बाटल्या प्लास्टिकच्या डबीत घातल्या, डबी मातीच्या मडक्यात ठेवली, मडकं ओल्या फडक्यानं गुंडाळून न्हाणीच्या गारव्यात ठेवलं, आणि एकही सुई चुकवली नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाईला कुणा डॉक्टरनं एकदा बजावलं होतं, ताप असला तरी सुई चुकवायची नाही. ती त्या एका वाक्यावर तरली. वर्षभरानं तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आम्ही चुकलो. वाडी एक, विहीर एक, आणि ते वाक्य तिच्या घरातून आमच्या घरात आलं नव्हतं.

इन्सुलिनची पहिली सुई ज्याला टोचली गेली तो लेनर्ड थॉम्प्सन तेरा-चौदा वर्षांचा मुलगा होता. टोरोंटो, ११ जानेवारी १९२२. त्याआधी अशी मुलं उपासमारीच्या आहारावर काही महिने जगवली जायची. पहिल्या सुईनं विशेष काही झालं नाही, औषध पुरेसं शुद्ध नव्हतं. बारा दिवसांनी शुद्ध केलेलं इन्सुलिन दिलं आणि साखर उतरली, कीटोन गेले, पोरगा उठून बसला. तो पुढे तेरा वर्षं जगला. १९३५ साली गेला तो न्यूमोनियानं. हे वाचलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ पडवीत बसून राहिले.

डॉक्टरीणबाईंनी घरी जाताना आईला जे सांगितलं ते आईनं देवघराशेजारच्या कॅलेंडरमागे स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलंय. ताप आला की दर चार तासांनी साखर बघायची, रात्रीसुद्धा, गजर लावून. खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करून डोस कमी-जास्त करून घ्यायचा, आपल्या मनानं शून्य करायचा नाही. दर तासाला घोटघोट पाणी, मीठ घातलेली पेज, ताक. सरबत द्यायचं ते साखर बघून. २५०च्या वर सारखी राहिली तर लघवीची कीटोन पट्टी. उलट्या थांबत नसतील, श्वास खोल चालत असेल, माणूस गुंगत असेल तर सकाळची वाट बघायची नाही. उलट्या-जुलाबात मेटफॉर्मिन ही साखर उतरवायची गोळी डॉक्टरांना विचारून थांबवायची. आणि 'ग्लिफ्लोझिन'नं शेवट होणाऱ्या नावाची गोळी चालू असेल तर ती आजारपणात नक्कीच विचारून बंद, कारण त्या गोळीवर असताना साखर २००च्या आत दिसूनही कीटोन वाढलेले असू शकतात. मशीन खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही. हे शेवटचं वाक्य बाईंचं नव्हे, आईचं.

आणि फ्लूची लस. दरवर्षी पावसाआधी. चाकरमानी यायच्या आधी.

पुढच्या चतुर्थीला घर पुन्हा भरलं. पोरांसाठी आईनं ओटीवरच मास्कची पिशवी टांगली होती आणि खोकणाऱ्याला आरतीला मागे उभं केलं. कुणी रागावलं असेल तर असो. तरी तिसऱ्या दिवशी बाबांचं अंग तापलं, ९९ आणि काही. जेवण नको म्हणाले. मी स्वयंपाकघरात होते. आई मला विचारायला आली नाही. तिनं फोन लावला, स्पीकरवर टाकला, आकडा सांगितला, २३८. पलीकडून डोस आला. तिनं पेन फिरवलं, दोनदा वाचलं.

"अगो, मी जेवाक नाय," बाबा म्हणाले.

"म्हायत आसा," म्हणत तिनं त्यांचा सदरा वर केला आणि सुई दिली. मग मोबाईलवर गजर लावला. दोनचा, आणि सहाचा. चुलीवर पेजेला आधण ठेवलं, आणि खाटेशेजारी पाट मांडून बसली. दोनला मी उठले तेव्हा ती जागीच होती. आकडा तिनं आधीच वहीत लिहिला होता. १९६.